पुसलं, पण गेलं नाही

१

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णालयाच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि प्रयोगशाळेतून एकही रिपोर्ट बाहेर पडेना. रक्त तपासणारं यंत्र चालू होतं, नळ्या फिरत होत्या, आकडे तयार होत होते. पण ते आकडे वॉर्डात पोचवणाऱ्या सर्व्हरवर एक अक्षर लिहायलाही जागा उरली नव्हती. पाऊण तास माणसं चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होती. शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घेतलेल्या एका रोग्याला रिपोर्टअभावी परत खोलीत आणावं लागलं.

सव्वाअकराला मला वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण घरात सगळेच तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणते. तो सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम.

"वन्सं, चार वाजता मला कामावरून काढतायत," ती म्हणाली. "त्याआधी याल का?"

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणते ती फक्त भांडताना किंवा घाबरल्यावर, आणि भांडायला तर आज काही कारण नव्हतं. मी चपला चढवल्या.

वाटेत तिने फोनवर सगळं सांगितलं. आरोप एक नव्हता, दोन होते. पहिला, तिच्या हलगर्जीपणामुळे डिस्क भरली. दुसरा जास्त वाईट होता. डिस्क भरली होती एकाच अवाढव्य नोंद-फाईलने, आणि ती फाईल उघडून कुणी बघायच्या आत वहिनीने ती पुसून टाकली होती. व्यवस्थापक सरळ म्हणाले होते, की पुरावा नष्ट केला. चार वाजता मोठे डॉक्टर पत्रावर सही करणार होते. अशा पत्रानंतर दुसरं कुठलंही रुग्णालय तिला दारात उभं करणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आता खरं ते सांगते. ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पुसली असेलच हिने. ही बाई कशावरही दया दाखवत नाही. आमचे वडील गेल्यावर आठवड्याच्या आत हिने त्यांची हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. त्या पेटीतली पक्कड हातात धरून मी वायरी जोडायला शिकले होते आणि पुढे पस्तीस वर्षं टेलिफोन आणि सर्व्हर दुरुस्त करत पोट भरलं. पेटीबद्दल मी हिला एका शब्दाने बोलले नाही, पण विसरलेही नाही.

तर अशा मनाने मी तिथे गेले. तपास करणाऱ्याचं मन कोरं असावं म्हणतात. माझं नव्हतं.

२

नऊ वर्षांपूर्वी हा सर्व्हर मीच बसवून दिला होता, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला आत सोडलं. चार वाजेपर्यंत काय बघायचं ते बघा, म्हणाले, पण रिपोर्ट बंद पडता कामा नयेत.

प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली आहे. तिथे सर्व्हर, वहिनीची खुर्ची, आणि नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापणारा प्रिंटर. मधलं दार सदा उघडं, कारण पट्ट्या घ्यायला लॅबमधलं कुणी ना कुणी ये-जा करत असतं. दारातून लॅबमधली तीन टेबलं दिसतात. त्यातल्या मधल्या टेबलावर आज कुणी नव्हतं. तिथे मास्तर बसायचे, वहिनी म्हणाली. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. तीन आठवड्यांपूर्वी दोन रोग्यांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली, ठपका मास्तरांवर आला आणि त्यांना घरी बसवलं.

मी विषयावर आले. फाईल कसली होती ते विचारलं.

यंत्र आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक प्रोग्रॅम असतो. यंत्राने काय सांगितलं, सर्व्हरने काय उत्तर दिलं, हे तो नोंद-फाईलमध्ये लिहून ठेवतो. एरवी तो मोजकंच लिहितो. पण कुणीतरी त्याला "सगळं लिही" असं सांगून ठेवलं होतं. अकरा दिवस तो शब्दन् शब्द लिहीत बसला होता आणि फाईल एकशे ऐंशी जीबीवर गेली होती.

"मला वाटलं, फाईल पुसली की जागा मोकळी होईल," वहिनी म्हणाली. "आधी रिपोर्ट चालू करू, मग कारण शोधू. पण पुसली तरी जागा काही सुटली नाही. मग मी जुन्या प्रती काढून टाकल्या, तेव्हा कुठे सात जीबी मिळाले."

आणि ते सातही आटत होते. मी बघितलं तेव्हा पावणेपाच उरले होते. तासाला सव्वा या हिशेबाने चारच्या आसपास डिस्क पुन्हा भरणार होती. म्हणजे वहिनीच्या पत्रावर सही व्हायची आणि सर्व्हरचा दम संपायची वेळ एकच होती.

मी सेटिंगची फाईल उघडली. बदल अकरा दिवसांपूर्वीचा, मंगळवारचा, वहिनीच्याच खात्यातून केलेला. नोंदीच्या पातळीची जुनी ओळ, जिच्यात 'एक' होता, तिच्यापुढे खूण करून ती रद्द केली होती. खाली नवी ओळ होती, तिच्यात 'पाच'. शेजारी लिहिलं होतं: १३:१०, पडताळणीसाठी. त्यानंतर दोन मिनिटांनी प्रोग्रॅम बंद करून चालू केला होता. तो सेटिंग वाचतो ते फक्त चालू होताना.

वहिनी म्हणाली, एक ते दोन मी रोज खाली जेवायला असते. स्क्रीन बंद करतेस का, म्हणून मी विचारलं. तिने मान खाली घातली. पट्ट्या छापायला लागतात म्हणून स्क्रीन उघडाच असतो. म्हणजे त्या तासाभरात खुर्चीत कुणीही बसू शकत होतं. किंवा तीच जेवायला गेली नसेल, असाही एक किडा माझ्या डोक्यात वळवळला.

तेवढ्यात व्यवस्थापक आत आले, आणि त्यांच्या मागे रक्ततपासणीच्या यंत्राच्या कंपनीचा माणूस. गोरा, गुळगुळीत, गळ्यात ओळखपत्र. त्याला सगळे यंत्रवाला म्हणतात. दोघांचं एकच म्हणणं होतं, की सर्व्हर बंद करून चालू करा, पाच मिनिटांत जागा मोकळी होईल. यंत्रवाल्याने तर बटणाकडे हातही नेला.

मी त्याचं मनगट धरलं. माझ्या डोक्यात वहिनीचं एकच वाक्य फिरत होतं. पुसली, पण जागा सुटली नाही. एकशे ऐंशी जीबी पुसल्यावर एकशे ऐंशी जीबी सुटायला हवेत. सुटले नाहीत, याचा अर्थ एकच होता.

"कुणीही कशालाही हात लावायचा नाही," मी म्हणाले. "ती फाईल अजून इथेच आहे."

३

समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली. फाईल पुसणं म्हणजे यादीतून तिचं नाव खोडणं. पण एखादा प्रोग्रॅम ती उघडून लिहीत बसला असेल, तर वही त्याच्या हातातच राहते. यादीत नाव नाही, कपाटात सापडत नाही, पण तो लिहितोच आहे. त्याने हात सोडला की वही खरोखर नष्ट. म्हणजे सर्व्हर किंवा तो प्रोग्रॅम बंद केला की पुरावा संपला. तो चालू आहे तोवर त्याच्या हातातल्या वहीची नक्कल काढता येते.

हे वहिनीला माहीत नव्हतं. ती नोंदणी विभागातून आलेली, सर्व्हरचं जे शिकली ते मी लिहून दिलेल्या वहीवरून. त्यात हे लिहायचं माझं राहून गेलं होतं. मला ते लागलं, पण लावून घ्यायला वेळ नव्हता.

नक्कल ठेवायला मोठी बाहेरची डिस्क हवी होती. व्यवस्थापकांनी ती द्यायला नकार दिला. खरेदीला तीन सह्या लागतात म्हणे. मी भावाला फोन केला. माझ्या कपाटातली डिस्क घेऊन तो दोनपर्यंत पोचणार होता. म्हणजे माझ्या हाती दीड तास होता, आणि तो मी माणसांवर खर्च करायचं ठरवलं.

यंत्रवाला आधी. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. यंत्र ठणठणीत आहे, आजार सर्व्हरला आहे, एवढंच तो तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिला. त्या मंगळवारी तो आला होता का, तर हो, सकाळी, सफाईसाठी. फाटकावरच्या वहीत त्याची बाहेर जाण्याची वेळ होती बारा वीस. मी त्या पहाऱ्यावरच्या माणसालाही विचारून घेतलं. यंत्रवाला गेल्यावर परत आला नव्हता. मंगळवारी लॅबमध्ये कुणाशी काही बोललास का, यावर तो क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, हवापाण्याच्या गप्पा. माणूस हवापाण्याबद्दल बोलला असेल तर आठवायला थांबत नाही.

व्यवस्थापकांच्या खोलीत गेले तर ते भिंतीवरचा एक तक्ता दाखवायला लागले. रिपोर्ट मिळायचा वेळ महिन्याभरात किती कमी झाला, याच्या निळ्या रेघा. हे त्यांनी स्वतः लक्ष घालून केलं होतं. मास्तरांचा विषय काढला तर तोंड कडू करून म्हणाले, माणूस थकला की चुकतो. सर्व्हरवरची सेटिंग बदलणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद घालायलासुद्धा ते शिपायाला हाक मारतात, हे मी पाच मिनिटांत पाहिलं. पण त्यांना सर्व्हर बंद करायची एवढी घाई का, हे कळेना. घड्याळाकडे ते माझ्यापेक्षा जास्त वेळा बघत होते.

शेवटी थोरल्या बाई. लॅबच्या प्रमुख, एकतीस वर्षं नोकरी, सात महिन्यांनी निवृत्त होणार. आवाज असा, की नळ्यासुद्धा सरळ उभ्या राहाव्यात. सकाळच्या गोंधळात हाताने लिहिलेले रिपोर्ट त्या रजिस्टरमध्ये उतरवत होत्या. मी विचारत होते, त्या मान वर न करता उत्तर देत होत्या. मंगळवारी एक वाजता कुठे होता? इथेच. वहिनीच्या खुर्चीत कुणाला पाहिलं? लक्ष नव्हतं. मास्तरांबद्दल काय वाटतं?

त्यांचा हात थांबला. एका आकड्यावर पेन घसरलं होतं. त्यांनी त्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा लिहिला, वेळ लिहिली, कारण लिहिलं, सही केली. मग म्हणाल्या, "वीस वर्षं शेजारी बसलेला माणूस. वाटायचं काय त्यात?"

मी उठले. दाराबाहेर भाऊ डिस्क घेऊन धापा टाकत उभा होता.

४

डिस्क देऊन भाऊ मुलींसाठी घरी परतला आणि सव्वादोनला नक्कल सुरू झाली. सर्व्हर म्हातारा, त्याला डिस्क जोडायची जागा त्याहून म्हातारी. पडद्यावर आकडा आला: एक तास चाळीस मिनिटं. पाच कमी चारला पूर्ण होणार होती, तीही मध्ये काही विघ्न आलं नाही तर.

वहिनी आकड्याकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे. तिच्या टेबलावर एक पेन, एक पाण्याची बाटली आणि दुसरं काही नाही. तिने लिहिलेल्या बाकीच्या सेटिंग्ज मी सकाळी चाळल्या होत्या. बदल केला की जुनी ओळ ती काढूनच टाकते. नऊ वर्षांत एकही जुनी ओळ तिने शिल्लक ठेवलेली नव्हती.

आणि तिथेच मी जागच्या जागी उभी राहिले.

'एक'चा 'पाच' करणाऱ्याने जुनी ओळ काढली नव्हती. खूण करून, वाचता येईल अशी ठेवली होती. शेजारी वेळ, तीही मिनिटासकट, आणि पुढे कारण. जुनं खुणेने रद्द करून ठेवायची सवय सर्व्हरवाल्यांतही असते. पण वेळ आणि कारण लिहिल्याशिवाय ज्याचा हात पुढे सरकत नाही असा माणूस मी एकाच खोलीत पाहिला होता, पंधरा मिनिटांपूर्वी. लॅबमध्ये चूक पुसत नाहीत. रेघ, बरोबर आकडा, वेळ, कारण, सही. एकतीस वर्षं हेच केलेला हात कळफलकावर गेला तरी तेच करणार. फक्त एक गोष्ट या वेळी गाळली होती, ती म्हणजे सही.

वहिनीबद्दल मी सकाळपासून जो किडा पोसला होता, त्याची मला तेव्हा लाज वाटली. तिने काही केलं असतं तर ते पुसून टाकलं असतं. पुसण्याची तिची सवयच तिची साक्षीदार निघाली.

मी थोरल्या बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्या खोलीचं दार लावलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी सेटिंगची ओळ दाखवली आणि म्हणाले, "बाई, यात सही राहिली आहे."

त्यांनी ओळ वाचली. मग वहिनीच्या खुर्चीचा आधार घेऊन बसल्या.

सगळं बाहेर आलं. मास्तर असं चुकणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. यंत्र आणि सर्व्हरमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांनी व्यवस्थापकांना दोनदा सांगितलं, आणि पुरावा काय, म्हणून दोनदा ऐकून घेतलं. मंगळवारी त्यांनी यंत्रवाल्याला छेडलं. तो जाता जाता बोलून गेला, की सर्व्हर सगळं लिहीत असता तर शब्दन् शब्द सापडला असता, पण ते आता कोण करणार? बाईंनी माझ्याच हातची नऊ वर्षांपूर्वीची वही खणातून काढली. त्यात होतं: एक म्हणजे मोजकं, पाच म्हणजे सगळं, बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून चालू करणे. काम झालं की परत एकवर आणणे, हे मी मागच्या पानावर लिहिलं होतं. बाईंनी पान उलटलं नाही. आणि चार दिवसांनी फाईल उघडून बघायला गेल्या, तर ती एवढी फुगली होती की उघडेचना.

"मग सकाळी का बोलला नाहीत?" वहिनीने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"सात महिने राहिलेत," बाई म्हणाल्या. "भ्याले. तुमच्यावर आलंय हे दिसत होतं आणि तरी भ्याले."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. पण एक गोष्ट मला छळत होती. सगळं लिहिलं तरी अकरा दिवसांत एकशे ऐंशी जीबी होत नाहीत. एवढ्या रोग्यांचं रक्त या गावात नाही. प्रोग्रॅमकडून कुणीतरी तेच तेच पुन्हा लिहून घेत होतं.

नक्कल चालू असतानाही फाईल वाचता येत होती. मी शेवटची पानं उघडली. यंत्र एका रोग्याचा निकाल पाठवत होतं, आणि सर्व्हर "पोचला" म्हणायच्या आत तोच निकाल पुन्हा पाठवत होतं. पुन्हा, आणि पुन्हा. एका निकालासाठी कधी शंभर वेळा, कधी हजार. यंत्र किती वेळ थांबतं म्हणून मी नोंदीत पाहिलं. एक सेकंद. मी बसवून दिलं तेव्हा ते दहा सेकंद थांबायचं.

त्या गर्दीत मध्येच पुढची नळी आली की काय होतं, तेही लिहिलेलं होतं. मागच्या निकालाचं "पोचला" पुढच्याला लागत होतं, आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढत होते. मी शोध घेतला. अकरा दिवसांत हे चार वेळा घडलं होतं. त्या अकराही दिवसांत मास्तर घरी बसलेले होते.

चौथी वेळ आज सकाळची होती, नऊ एकतीसची.

५

पुढचं फार भराभर झालं. बाई उठल्या, लॅबमध्ये गेल्या आणि यंत्राची सर्व्हरकडे जाणारी वायर त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून काढली. मग मोठ्या आवाजात सांगितलं, की आतापासून प्रत्येक रिपोर्ट मी हाताने लिहीन आणि दुसरं माणूस तपासेल, आणि चार अदलाबदलींतल्या आठही रोग्यांचं रक्त पुन्हा घ्या, सकाळच्या दोघांचं आधी. वहिनीने वॉर्डात फोन केले.

यंत्रवाल्याला मी जिन्यात गाठलं. आता हवापाणी चालणार नव्हतं. यंत्राचा धीर दहा सेकंदांवरून एकावर कुणी आणला, म्हणून विचारलं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं त्याचा चेहराच बोलला. महिन्यापूर्वी त्याने आणला होता. रिपोर्ट लवकर दिसले पाहिजेत असा व्यवस्थापकांनी धोशा लावला होता म्हणून. मास्तरांचं प्रकरण झालं तेव्हा त्याला शंका आली होती. व्यवस्थापकांनाही आली असावी, कारण त्यांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की झालं ते झालं. आज फाईलबद्दल ऐकल्यावर दोघांनाही त्या बटणाची घाई सुटली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी व्यवस्थापक खोलीत आले. पडद्यावर नक्कल चोपन्न टक्के. त्यांच्या हातात ते पत्र होतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, वहिनीच्या समोर बसले आणि समजुतीच्या स्वरात बोलले. लॅब हाताने लिहिते आहे, वॉर्ड खोळंबलेत, हे किती वेळ चालवायचं? सर्व्हर आता बंद करून चालू करा, यंत्र पुन्हा जोडू, थांबायची वेळही दहा सेकंद करून देऊ. चुका पुन्हा होणार नाहीत. आणि हे पत्र मी आत्ता तुमच्यासमोर फाडतो. डॉक्टरांना सांगू, तांत्रिक बिघाड होता. तुमची नोकरी राहील, बाईंचं निवृत्तिवेतन राहील, सगळं मिटेल.

"आणि मास्तर?" वहिनीने विचारलं.

व्यवस्थापक म्हणाले, त्यांचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधीच नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

तिची नोकरी, तिचं घर, माझ्या भावाच्या दोन मुली. मी काय सांगणार? खरं तर माझ्या मनात असं आलं, की दाब गं बाई बटण, मी तुला नावं ठेवणार नाही. पस्तीस वर्षांत मी कितीतरी वेळा साहेबांच्या सोयीने गप्प बसले होते.

वहिनीने हात पुढे केला. बटणाकडे नाही, पत्राकडे.

"द्या साहेब," ती म्हणाली. "पोचल्याची सही करते. पण नक्कल पूर्ण होईपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही, आणि सर्व्हरला कुणाला हात लावू देणार नाही."

तिने खरंच सही केली. व्यवस्थापक पत्र घेऊन उठले ते तडक विजेच्या खोलीकडे गेले. मी त्यांच्या मागे धावले. साठी उलटलेल्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. पण उघड्या दारातून सगळं ऐकलेल्या थोरल्या बाई आमच्या आधीच तिथे पोचल्या होत्या. हातात रजिस्टर, पाठ दाराला टेकलेली. त्यांनी व्यवस्थापकांना काही म्हटलं नाही. रजिस्टर उघडलं, घड्याळ बघितलं आणि मोठ्याने वाचत लिहायला घेतलं, की तीन वाजून एकवीस मिनिटांनी व्यवस्थापक वीज तोडायला आले, कारण. इथे त्या थांबल्या आणि विचारलं, "कारण काय लिहू, साहेब?"

ते उलट फिरले. त्यानंतर ते तोंड दाखवायला आले ते चारलाच.

नक्कल पाच कमी चारला नाही, चार वाजून दोन मिनिटांनी पूर्ण झाली. मोठे डॉक्टर तोवर दारात येऊन उभे होते. मी त्यांना चार जोड्या दाखवल्या. बाजूला बाईंनी नव्या तपासणीचे सकाळच्या दोघांचे आकडे ठेवले. खरंच उलटसुलट होते. त्यातल्या एकाला संध्याकाळी पाचचं औषध द्यायचं होतं, ते डॉक्टरांनी तिथूनच फोन करून थांबवलं. मग त्यांनी तारखा पुन्हा एकदा वाचल्या आणि विचारलं, मास्तर या काळात कामावर नव्हते ना? नव्हते, बाई म्हणाल्या. आणि सेटिंग मी बदलली, सही केली नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

डॉक्टरांनी व्यवस्थापकांना आणि यंत्रवाल्याला स्वतःच्या खोलीत यायला सांगितलं. जाताना वहिनीकडे वळून विचारलं, की फाईल पुसली कुणी?

"मी," वहिनी म्हणाली. "न वाचता."

डॉक्टरांनी कामावरून काढायचं पत्र परत मागवलं आणि त्याजागी ताकिदीचं द्यायला सांगितलं. ते योग्यच होतं. मी असते तर मीही दिलं असतं. बाईंनाही तसंच एक मिळालं, पण निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही.

मास्तरांना फोन करायचा राहिला होता. वहिनीने नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तिने थोडक्यात सांगितलं. यंत्र घाई करत होतं, आकडे तिथे घसरत होते, तुम्ही घरी असतानाही चार वेळा घसरले, डॉक्टरांनी उद्यापासून बोलावलंय.

मग मास्तर म्हणाले, "तीन आठवडे रोज मी त्या दोन नळ्या मनात पुन्हा लावतोय. कुठे हात चुकला ते शोधतोय. परवापासून तर मला आठवायलाही लागलं होतं, की हो, चुकलाच."

वहिनीने फोन जवळ ओढला.

"नाही चुकला, मास्तर," ती म्हणाली. "तसंच पुन्हा घडलेलं, वेळेसकट लिहिलेलं आहे माझ्याकडे. उद्या या आणि स्वतः वाचा."

पलीकडे मास्तर रडत होते. वहिनीने फोन बंद केला नाही, आणि आम्ही तिघी तशाच बसून राहिलो.